घडीच्या सायकलीची जबानी

मी एक घडीची सायकल बोलतेय. मधोमध बिजागरी, लहान चाकं, निळा रंग, अंगावर तीन ठिकाणी वेल्डिंगचे व्रण. माझी जबानी कोणीच घेतली नाही. चौकशीला आलेल्या साहेबांनी माझं वजन केलं, फोटो काढले, हँडलला नंबराची चिठ्ठी बांधली आणि वहीत लिहिलं, 'सायकल, एक, वाकलेली.' वाकलेली! कशी वाकले, कोणापायी वाकले, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. म्हणून आता तुम्हाला सांगते. रागाने सांगतेय, हे आधीच कबूल करते. गोड बोलणं माझ्याच्याने होणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बिजागऱ्या बसवणारी एक बाई होती. दिवसाला चाळीसेक सायकली तिच्या हातून जायच्या. प्रत्येकीची बिजागरी ती तीनदा उघडायची, तीनदा मिटायची, आणि 'खट्ट' असा आवाज मनासारखा आला नाही की सायकल बाजूला काढायची.

"एकदा बघितलं की झालं. कोण विचारतंय तुला?" शेजारची म्हणायची.

"वर बसणारा विचारेल ना," ती म्हणायची आणि पुन्हा खट्ट करायची.

मला वाटलं, जगातली सगळी माणसं अशीच असतात. अडाणी होते मी तेव्हा.

चार महिने दुकानाच्या काचेआड काढले. मग एके दिवशी एक जोडपं आलं. बाई पन्नाशीच्या, हातात कापड मोजायची टेप गुंडाळलेली, बहुतेक कामावरून थेट आल्या होत्या. पुरुष उंच, गॉगल डोक्यावर सरकवलेला, आवाज असा की दुकानाबाहेरच्यालाही भाव कळावा.

"आम्हाला विमानात न्यायच्यात," तो म्हणाला. "आमच्या विमानात. स्वतःच्या."

दुकानदाराने मान डोलावली. पण दाद पुरेशी मिळाली नाही असं वाटून तो पुन्हा म्हणाला, "स्वतःच्या हं."

त्याने दोन सायकली घेतल्या. राखाडी त्याला, निळी तिला. मी तिची झाले. या एका गोष्टीचं मला अजून बरं वाटतं.

त्या माणसाला सगळे कॅप्टन म्हणत, कारण कॅप्टन म्हटलं नाही तर तो वळून बघायचा नाही. होता फरशा विकणारा. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकला, लायसन्स काढलं आणि एक जुनं चार जणांचं विमान घेतलं. शिकला याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाने वाटेल ते शिकावं. शिकलेलं विसरू नये, एवढंच.

बाई पडद्यांच्या दुकानात कापड बेतायच्या. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. हा भाऊ त्या धावपट्टीवर विमानांची दुरुस्ती करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. ताई मात्र त्याच्या डोक्यावर केस उरले नव्हते तरी त्याला छोट्याच म्हणायची.

आम्हाला विमानात कसं न्यायचं, हे मिस्त्रीने ठरवलं. मागच्या दोन सीट काढल्या. विमानाच्या तळाशी दोन पोलादी कड्या बसवल्या. एक रुंद नारिंगी पट्टा आणला. त्याला दात्यांचं बकल होतं. दांडी मागेपुढे हलवली की करकर करकर आवाज करत पट्टा आवळत जायचा. आम्हा दोघींना त्याने एकेक करून काट्यावर ठेवलं. मी साडेअकरा किलो भरले, राखाडी बारा. ताईने आमच्यासाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या, चेनचं ग्रीस कुठे लागू नये म्हणून. माझ्या पिशवीला आतून एक छोटा कप्पा होता. त्यात तिचा रुमाल असायचा.

"भाऊजी, एक लक्षात ठेवा," मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला. "विमान म्हणजे तराजू आहे. मागे वजन सरकलं की नाक वर उचलतं. नाक फार वर गेलं की वेग पडतो. वेग पडला की विमानाचा दगड होतो. तेव्हा जे काही न्याल ते वजन करून न्या, आणि बांधून न्या. जे बांधलेलं नाही ते न्यायचं नाही."

"अरे, सायकल आहे ती, हत्ती नाही," कॅप्टन म्हणाला.

"सुटा हत्ती निदान दिसतो तरी," मिस्त्री म्हणाला.

ताई हसली. कॅप्टन नाही हसला. आपल्याला कोणी काही शिकवलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि मेहुण्याने शिकवलं तर जास्तच.

तरी दोन वर्षं मजेत गेली. रागाच्या भरात मी ते नाकारणार नाही. सुट्टीच्या सकाळी आम्ही निघायचो. मिस्त्री स्वतः येऊन पट्टा आवळायचा, दोन्ही हातांनी मला हलवून बघायचा आणि मगच दार लावायचा. एखाद्या गवताळ पट्टीवर उतरायचो. तिथे एक खोली, एक टाकी आणि वारा दाखवणारी कापडी नळी, बाकी काही नाही. गाव पाच-सहा किलोमीटर दूर. एरवी माणसं तिथे उतरून करणार काय? विमानाच्या सावलीत बसून परत जाणार. आम्ही असल्यामुळे ताई आणि कॅप्टन गावात जायचे, तळ्याकाठी बसायचे, बाजार बघायचे.

आम्हाला विमानातून निघताना बघून लोक जमायचे. "पेट्रोल संपलं तर वर पायडल मारता की काय?" असं एकाने विचारलं होतं. ताई म्हणाली, "मी मारते, हे फक्त घंटी वाजवतात."

ती चालवायची छान. पाठ ताठ, हँडलवर हात हलके. चढ आला की उठून उभी राहायची नाही, पुटपुटत राहायची, "चल गं, चल गं." मला वाटायचं, मलाच म्हणतेय.

हळूहळू कॅप्टनची घाई वाढली. माणसांची एक खोड मी पाहिली आहे. पहिल्यांदा भीतीने सगळं नीट करतात. शंभर वेळा नीट पार पडलं की त्यांना वाटतं, नीट केल्यामुळे नाही, आपल्या नशिबामुळे पार पडलं. मग पिशवी चढवायचा कंटाळा. मग काट्यावर ठेवायचा कंटाळा. माणसं स्वतःचं वजन सांगताना दोन-तीन किलो खाऊन टाकतात. कॅप्टन विमानाचंही खायचा.

त्या दिवशी आम्ही तळ्याकाठच्या एका गावाजवळ उतरलो होतो. जाताना मिस्त्रीने बांधून दिलं होतं. दुपारी परतायच्या वेळी कॅप्टनला कोणीतरी बोटीची मोटर दाखवली. बोटीच्या मागे लावतात तसली, जुनी, पण चालू. स्वतःची बोट नसताना त्याने ती घेतली. पुढे बोटही घेईन म्हणाला. दोन माणसांनी धरून ती धावपट्टीपर्यंत आणली. चाळीस किलोच्या खाली नक्कीच नव्हती.

"अहो, वजनाचं बघितलंत का?" ताईने विचारलं.

"सगळं बघितलंय. तू जा, खोलीतल्या वहीत आपली नावं लिहून ये."

ती गेली. तिच्यामागे काय झालं, ते फक्त मी आणि राखाडीने पाहिलं.

त्याने मोटर मागे ठेवली. पट्टा उचलला. पट्टा एकच होता. एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा मोटरकडे. मग पट्टा मोटरीवरून टाकला आणि करकर करकर आवळला, अगदी कचकचून, कारण मोटर महागाची. आम्हा दोघींना उरलेल्या जागेत नुसतं ढकललं. पिशव्या चढवल्या नाहीत. माझी बिजागरी धड मिटलेलीही नव्हती. पायडल बाहेर आलेलं. आणि वर त्याने स्वतःचा कोट पांघरला. काय झाकायचं होतं त्याला? मला थंडी नक्कीच वाजत नव्हती.

ताई परत आली. वाकून मागे बघणार, इतक्यात तो म्हणाला, "बांधलंय. बस, चल. ऊन वाढतंय."

ती त्याच्या शेजारी बसली. नवऱ्याचा शब्द आहे, तपासून कशाला बघायचा?

विमान गवतावरून धावलं. नेहमीपेक्षा जास्त धावलं. मग कसंबसं उचललं गेलं, नाक वर झालं आणि मी मागे घसरले. तुम्ही कधी उतारावर तोल गेलेलं पाऊल अनुभवलं असेल. तसं, पण थांबवायला पाय नाही. मी घसरले, राखाडी माझ्यावर आली आणि दोघी शेपटीकडच्या पत्र्यावर जाऊन आदळलो. नाक आणखी वर गेलं. मिस्त्री सांगायचा तसं, अगदी त्याच क्रमाने.

"काय झालं? अहो, काय झालं?" ताई ओरडली.

तो दोन्ही हातांनी दांडा पुढे ढकलत होता. पुढचा पंखा गरगरत होता, पण विमान पुढे सरकत नव्हतं. मग ते एका अंगावर कललं, कुंपणावरून गेलं आणि मक्याच्या शेतात चाकं रुतवून जागच्या जागी थांबलं.

विमान थांबलं. मी थांबले नाही.

मी हवेतून पुढे आले. माझं हँडल ताईच्या उजव्या खांद्याच्या मागे घुसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याच हँडलमधून तो माझ्या सगळ्या अंगात गेला. जिने मला 'चल गं, चल गं' म्हणून दोन वर्षं चालवलं, तिला मी मोडलं. हे मी कधी विसरू?

आणि आता ऐका. इथे माझा राग सुरू होतो.

कॅप्टनच्या कपाळावर एक ओरखडा होता, बाकी काही नाही. ताई विव्हळत होती. डोकं पुढे लोंबत होतं. तो वळला. मला वाटलं, तिला सोडवणार. त्याने तिच्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं. दूरवर कोणीतरी ट्रॅक्टर सोडून धावत येत होतं. तो सीटवरून मागे आला, मोटरीवरचं बकल सोडलं. खडखड खडखड पट्टा ढिला झाला. त्याने तो ओढून काढला. मोटर आडवी केली, तिच्याभोवती कोट आणि पिशव्या कोंबल्या. मग पट्ट्याची टोकं परत त्याच कड्यांना अडकवली आणि बकल उघडं ठेवून दिलं, जणू त्यात आम्हीच बांधलेल्या होतो. हे सगळं होईपर्यंत ताई विव्हळत होती.

मग तो तिच्यापाशी गेला आणि मोठ्याने म्हणाला, "अगं! अगं, ऐकतेस ना?" धावत येणाऱ्या शेतकऱ्याच्या कानावर पडावं, इतपत मोठ्याने.

चौकशीला साहेब आले. कॅप्टनने सांगितलं, "बकल उघडलं हो. माझ्या मेहुण्याने बसवलेलं. घरचा माणूस म्हणून विश्वास ठेवला."

"आणि ही मोटर?"

"ती सीटच्या मागे नीट टेकवून ठेवली होती. वीस-एक किलो असेल. ती हललीही नाही."

साहेबांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. कोणी मेलं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. मिस्त्रीची धावपट्टीवरची परवानगी काढून घेतली, विमानं ठेवायच्या हँगरची किल्ली मागून घेतली. सव्वीस वर्षं त्याच्या गळ्यात लटकलेली किल्ली ती. राखाडी भंगारात गेली. माझी चिठ्ठी काढून मला कॅप्टनच्या गॅरेजमध्ये भिंतीला टांगण्यात आलं. मोटर खाली कोपऱ्यात, कापडाखाली, सुखरूप.

ताई दीड महिन्याने घरी आली. खांद्यात दोन पट्ट्या आणि सात स्क्रू. हात हनुवटीपर्यंत जेमतेम जायचा. पडदे कापायची मोठी कात्री उचलणं शक्यच नव्हतं. दुकानाने दोन महिने वाट पाहिली, मग दुसरी बाई ठेवली.

एकदा मिस्त्री आला. कॅप्टन घरी नव्हता. ताई गॅरेजच्या दारातच त्याला भेटली, आत ये म्हणाली नाही.

"ताई, ते बकल आपोआप उघडत नाही. उघडूच शकत नाही. मला एकदा ते—"

"माझा हात बघ," ताई म्हणाली. "बघितलास? मग बकलाचं काय सांगतोस मला?"

"मी निघताना हलवून बघितलं होतं. तू होतीस तिथे."

"होते ना. म्हणून तर निर्धास्त बसले मी. छोट्याने बांधलंय म्हणून."

 त्याची नजर माझ्याकडे गेली. माझं हँडल, माझी बिजागरी त्याने बघितली, जवळ यायला एक पाऊल टाकलं. ताईने दार ओढून घेतलं.

मी भिंतीवर टांगलेली. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. काय उपयोग आहे सगळं पाहण्याचा, जर बोलता येत नसेल? कॅप्टन पाहुण्यांना मला दाखवायचा. "हीच ती. अपशकुनी. एवढं सगळं होऊनही मी विमान खाली उतरवलं," असं म्हणायचा. उतरवलं! पाहुणे 'अरे बापरे' म्हणायचे आणि त्याच्या हाताला हात लावायचे. ताई खाली मान घालून बसायची.

आठ महिने असे गेले.

मग कॅप्टनने मोटर विकायला काढली. बोट काही झाली नव्हती. एका सकाळी एक गिऱ्हाईक आलं, मासेमारीचा शौक असलेला माणूस. कॅप्टनने कापड बाजूला केलं, मोटर स्टँडवर उभी केली. गिऱ्हाईक वाकून वाकून बघत होतं.

"ही तुमच्या अपघातातली ना? आतून काही हललं-बिललं असेल तर?"

"छे! एक ओरखडा दाखवा."

"मग झाकणावर ही खूण कसली?" त्याने बोट फिरवलं. झाकणाच्या प्लॅस्टिकवर आडवा, चार बोटं रुंद दाब होता. त्यात कापडाच्या विणीसारखी नक्षी उमटलेली.

कॅप्टन हसला. आपल्या मालाची तारीफ करायची संधी त्याने आयुष्यात सोडली नव्हती.

"ती पट्ट्याची आहे. कचकचून बांधली होती ना मी हिला. म्हणून तर विमान पडलं तरी ही जागची हलली नाही."

दारात काहीतरी खणकन वाजलं. ताई डाव्या हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तिने हळूच मोटरीशेजारच्या बाकावर ठेवला. एक पेला आडवा झाला होता, पाणी वाहत होतं. तिने तिकडे बघितलं नाही.

"कशाने बांधली होती?" तिने विचारलं.

"काय? अगं, आत जा, आम्ही जरा—"

"विमानात पट्टा एकच होता. मोटर कशाने बांधली होती?"

गिऱ्हाईक दोघांकडे बघायला लागलं. कॅप्टनने गॉगल डोक्यावरून काढला, पुसला, परत डोक्यावर ठेवला.

"तेव्हा म्हणजे... आधी बांधली होती. मग सोडली. असं काहीतरी. मला आता कुठे आठवतंय सगळं?"

"मी वहीत नाव लिहायला गेले होते," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण माझे सैल आरे थरथरले. "परत आले तर तू म्हणालास, बांधलंय."

तू! पंचवीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा एकेरीवर आली. कॅप्टनला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. 

"मी नंतर येतो," गिऱ्हाईक पुटपुटलं.

"थांबा," ताई म्हणाली. "तुम्ही आत्ता काय ऐकलंत, ते लक्षात ठेवा."

"बाई, मला तुमच्या घरातल्या भानगडीत ओढू नका," तो म्हणाला आणि पाठ फिरवून निघूनच गेला. चांगला धडधाकट, कान शाबूत असलेला माणूस! त्याला बोलता येत होतं. मला येत नव्हतं.

"एक सांग," ताई म्हणाली. "पडल्यावर मी अर्धवट शुद्धीत होते. मागे खडखड ऐकू आली मला. पट्टा सोडतानाची. मला वाटलं, माझाच पट्टा सोडतोयस. मी मनात म्हटलं, आहे हा, आलाय मला सोडवायला. आठ महिने त्या आवाजावर जगले मी. तुझ्यावरचा माझा सगळा विश्वास त्या एका खडखडीवर होता. काय सोडत होतास तू?"

त्याने मोटरीवर कापड ओढलं. मग म्हणाला, "लायसन्स गेलं असतं माझं. आणि छोट्याचं काय, तो कुठेही काम करेल. हातात कला आहे त्याच्या."

एवढंच. क्षमा नाही, पश्चात्ताप नाही. मला वाटतं, ते वाक्य आपण बोललो यात काही चुकलंय, हे त्याला आजही कळलेलं नाही.

ताईने मला भिंतीवरून काढलं. एका हाताने. मी वाकडी, चाक फिरताना घासायचं, तरी तिने मला खाली उतरवलं आणि ढकलत रस्त्यावर आणलं. वाटेत दोनदा थांबली. चेहरा कोरडा होता.

मिस्त्री घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारी आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो एका पात्याला कानस मारत होता. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने कानस थांबवली नाही. सांगून झालं तरी घासतच राहिला.

"बरं झालं कळलं," शेवटी तो म्हणाला.

"छोट्या..."

"आठ महिने, ताई. भाऊजींचं मला काही वाटत नाही, ते तसेच आहेत. पण तू? लहानपणापासून ओळखतेस मला. एकदा, फक्त एकदा विचारायचं होतंस, छोट्या, खरंच झालं का रे असं?"

"चुकले."

"हो. चुकलीस."

असू दे, असं तो म्हणाला नाही. जवळही आला नाही. मला त्याचा राग पटला. माणसं फार लवकर 'असू दे' म्हणतात, आणि मग ज्याने केलं तो मोकळा सुटतो. थोड्या वेळाने त्याने कानस ठेवली, फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ती आण इकडे. आणि तू बस. उभी का आहेस?"

ताईने चौकशीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात. साहेब पुन्हा आले, या वेळी पूर्ण दिवस काढून. गिऱ्हाइकाने काहीच आठवत नाही म्हणून सांगितलं. कॅप्टनने बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून सांगितलं. पण मोटरीच्या झाकणावरची ती खूण बोलली. साहेबांनी पट्टा आणून तिच्यावर ठेवला. रुंदी जुळली, वीण जुळली. नंतर ते शेडमध्ये आले, मला उचलून बघितलं आणि विचारलं, "हीच का ती, जिच्यामुळे तुमचा खांदा गेला?"

"हिच्यामुळे नाही," ताई म्हणाली. "हिचं नाव घेऊ नका. हिला मोकळी टाकली होती."

साहेबांनी वहीत काहीतरी खोडलं. काय ते मला दिसलं नाही.

कॅप्टनचं लायसन्स एका वर्षासाठी थांबवलं. फक्त एका वर्षासाठी! ते वर्ष संपत आलंय. ऐकते की त्याने नव्या दोन सायकली बघून ठेवल्या आहेत, बॅटरीवाल्या. धावपट्टीवरच्या विमानवाल्यांच्या क्लबमध्ये अजून त्याला कॅप्टनच म्हणतात. मिस्त्रीला एक पत्र आलं: 'सदर बकलात दोष आढळून आला नाही.' बस. आठ महिने गावभर त्याच्या नावाने बोटं मोडली गेली आणि परतफेड म्हणून एक ओळ. क्लबने किल्ली परत देऊ केली. त्याने घेतली नाही. पत्र मात्र वाचून घडी घातली आणि पान्यांच्या खणात ठेवलं.

ताई आता शेडच्या वरच्या खोलीत राहते. डाव्या हाताने कापड कापायला शिकतेय. सुरुवातीला कडा उंदराने कुरतडल्यासारख्या यायच्या, आता बऱ्या येतात. मला मिस्त्रीने तीन ठिकाणी जोडलं, हँडल सरळ केलं, बिजागरी नवी घातली. मी शेडच्या दाराशी उभी असते. तुम्ही आलात तर दिसेन.

एक मागणं आहे. माझ्यासारखं काही कुठेही नेणार असाल, विमानात, गाडीत, छतावर, तर बांधून न्या. दोन मिनिटं लागतात. आणि नाही बांधलं, तर नाही बांधलं असं म्हणा. दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. आम्ही मुक्या वस्तू सगळं बघत असतो. आमचं तोंड उघडत नाही, एवढ्यावर तुमची कितीतरी घरं उभी आहेत, हे ध्यानात ठेवा.

परवा सकाळी ताई माझ्याजवळ आली. सीटवर हात ठेवला. मग म्हणाली, "छोट्या, जरा धरतोस का?"

तो बाहेर आला. दोघांत अजून पूर्वीसारखं बोलणं नाही, कामापुरतंच असतं. त्याने मागून सीट धरली. ती बसली. डावा हात हँडलवर घट्ट, उजवा नुसता टेकवलेला. मी डगमगले, तीही डगमगली. मागून टकल्या मिस्त्री वाकून धावत होता, धापा टाकत.

"सोडू नकोस रे!"

"नाही सोडत! समोर बघ, बावळट, समोर!"

"बावळट कोणाला म्हणतोस?"

"तुलाच! दुसरं कोण आहे इथे?"

माझ्या चाकांखाली खडी वाजत होती. नव्या बिजागरीतून काही आवाज नव्हता. ताई पुटपुटत होती, काय ते मला नीट कळलं नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत आम्ही गेलो, तिघंही, आणि तिथून परत फिरलो. राग माझा गेलेला नाही. तो मी राखून ठेवलाय. पण उद्या पुन्हा जायचंय, आणि मिस्त्री म्हणाला आहे, वळणाच्या पुढेही जाऊ.